‘जुळते’ लिहिण्याआधी

घरफोडीच्या मुद्देमालातला काचेचा कण सिलिकॉन तेलात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली तापवत नेला, की तेलाचा अपवर्तनांक घसरत जातो. काचेचा जवळजवळ तसाच राहतो. एका ठरावीक तापमानाला दोन्ही सारखे होतात आणि कणाची कड दिसेनाशी होते. संशयिताच्या शर्टावरचा कण आणि फुटलेल्या खिडकीचा तुकडा एकाच तापमानाला असे नाहीसे झाले, की ‘जुळते’ लिहायला माझा हात शिवशिवतो. त्या घाईच्या मुळाशी विज्ञान थोडं आणि उपयोगी पडण्याची ओढ जास्त असते, हे मला माहीत आहे.

सीलबंद पाकिटात पोलिसांची बाजू येते: कलमं, नाव, ‘अहवाल तातडीने पाठवावा’. निरपराध माणसाची हकिगत त्यात नसते, ती मलाच मांडावी लागते. हा माणूस त्या खिडकीजवळ फिरकलाच नसेल, तर असा कण त्याच्या शर्टावर सापडण्याची शक्यता किती? डेनिस लिंडली यांनी १९७७ साली काचेच्याच उदाहरणावरून हे गणितात मांडलं. पुराव्याचं वजन म्हणजे दोन शक्यतांचं गुणोत्तर: काच फोडली असेल तर हे सापडण्याची शक्यता, भागिले फोडली नसेल तर सापडण्याची.

हा भागाकार न केल्याने काय होतं, ते लंडनच्या एका खटल्यात दिसलं. बीबीसीच्या निवेदिका जिल डँडो यांची २६ एप्रिल १९९९ रोजी त्यांच्या दारातच गोळी घालून हत्या झाली. सुमारे वर्षभराने संशयित बॅरी जॉर्ज यांच्या जप्त केलेल्या कोटाच्या आतल्या खिशात गोळीबारानंतर उरणाऱ्या अवशेषाचा एक कण मिळाला. एकच, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. २००१ मध्ये ते दोषी ठरले. पुढे तज्ज्ञांनी दोन्ही प्रश्न शेजारी ठेवले. गोळी झाडली असेल तर असा कण मिळण्याची शक्यता शंभरात एक; झाडली नसेल तरी शंभरात एक. भागाकार एक! तो कण कोणत्याच बाजूने काही सांगत नव्हता. २००७ मध्ये शिक्षा रद्द झाली आणि २००८ मध्ये फेरखटल्यात ते निर्दोष सुटले. कणाची ओळख पटवण्यात रसायनशास्त्र चुकलं नव्हतं, हे मला सर्वांत अस्वस्थ करतं. निष्णात हातांनी केलेल्या बिनचूक कामातूनही माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

माझ्या टेबलावर छेदस्थानी काय ठेवायचं? साध्या लोकांच्या कपड्यांवर काच किती असते, याच्या पाहण्या ब्रिटन, न्यूझीलंड, कॅनडात झाल्या. तिथला आकडा उचलून मी भंगार वेचणाऱ्या पोराला लावू? त्याच्या अंगावर काच असणारच, रोजची काच. गॅरेजमधल्या मुलाच्या, काच बसवणाऱ्या कारागिराच्या अंगावरही असणार. आणि वस्तीत घरफोडी झाली की पहिल्यांदा उचलली जातात तीही बहुधा हीच मुलं. त्यांच्यासाठी परका आकडा वापरणं म्हणजे त्यांची गरिबीच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मोजणं आहे, असं मला वाटतं. त्यात आता बहुतेक खिडक्यांची काच फ्लोट पद्धतीची, अपवर्तनांक एकमेकांच्या अगदी जवळ. ‘जुळते’ पूर्वीपेक्षा स्वस्त झालं आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत, राज्य सरकार ठरवील त्या तारखेपासून, न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आवश्यक केलं. पाकिटं वाढतील. आणि सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो, त्यामुळे दुसरा प्रश्न विचारणारं तिथे कुणी असेलच असं नाही. म्हणून तो अहवालातच, माझ्या सहीच्या वर हवा: कण जुळतो, पण संशयिताचा व्यवसाय पाहता असे कण अन्य मार्गानेही येऊ शकतात, आणि त्याचं प्रमाण सांगणारी स्थानिक आकडेवारी हाताशी नाही. हे वाक्य लिहिताना मी त्या पोराला जपतो आहे की उद्याच्या उलटतपासणीपासून स्वतःला, याचं उत्तर मला प्रत्येक अहवालापाशी नव्याने द्यावं लागतं.