ईश्वरेच्छा आणि आपली इच्छा



‘देवाची इच्छा’ हे शब्द आपण किती सहज उच्चारतो! घरची वाटणी असो, मुलीचे लग्न असो की देवळातील उत्सवाचा बेत असो. आपल्या मनासारखे झाले की ‘देवाच्याच मनात होते’, आणि दुसऱ्याच्या मनाविरुद्ध झाले की ‘देवाच्या इच्छेपुढे कोणाचे चालते?’ दोन्ही वेळी देवाच्या वतीने बोलणारे आपणच असतो. उजवाच कौल हवा असे ठरवून गाभाऱ्यासमोर बसणारा मनुष्य देवाला प्रश्न विचारीत नाही. तो केवळ संमती मागतो.

आपल्या सरदारपूर तालुक्यात मिंडा गावाजवळ महीचा उगम आहे. येथून ती उत्तरेकडे निघते. तिचा एवढाच प्रवाह पाहणारा खात्रीने सांगेल, की ही उत्तरवाहिनी. परंतु पुढे राजस्थानात ती वळण घेते, नैर्ऋत्येस जाते आणि गुजरातेत खंबायतच्या आखातास मिळते. आयुष्याचाही असाच थोडासा काठ आपल्या दृष्टीस पडतो. म्हणून ‘ईश्वराचा हेतू मला कळला’ असे म्हणण्यापूर्वी थबकणे, ही नम्रतेची पहिली पायरी होय.

तथापि नम्रता म्हणजे निष्क्रियता नव्हे. सर्व कळत नसतानाही निर्णय करावाच लागतो. तेथे विवेक हवा. या कामी पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे चरित्र आपणांस वाट दाखविते. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव धारातीर्थी पडले. सहगमन हाच धर्म, अशी त्या काळची समजूत; बाईंचाही निश्चय तोच होता. वृद्ध मल्हाररावांनी विनविले, आणि त्यांनी तो मागे घेतला. धर्म म्हणून केलेला निश्चयही पुन्हा तपासून पाहता येतो, हे जाणण्यास मोठे मन लागते. पुढे १७६६ साली मल्हारराव आणि १७६७ साली पुत्र मालेराव निवर्तले. तरीही १७९५ पर्यंत त्यांनी प्रजेचा भार वाहिला. आज्ञापत्रांवर त्या ‘श्रीशंकर’ असे लिहीत. आपल्या इच्छेस वजन यावे म्हणून आपण देवाचे नाव घेतो. त्यांनी ते घेतले, ते प्रत्येक हुकुमाचा जाब त्याच्यापुढे द्यावयाचा आहे, या जाणिवेने.

सज्जनहो, आपणही स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. ज्यास आपण ईश्वरेच्छा म्हणतो, तिचा भार आपल्या खांद्यावर पडतो, की घरातील दुबळ्याच्या? आणि वडीलधाऱ्याने किंवा धाकट्या सुनेने ‘हे बरे नव्हे’ म्हटले, तर ऐकून घेण्याची आपली तयारी आहे काय? देवाची इच्छा दर वेळी नेमकी आपल्या सोयीचीच निघू लागली, तर ती पुन्हा एकवार तपासून पाहावी.

आमच्या मुखी तुझे नाव असो. परंतु आमचा हट्ट तुझ्या नावाने न चालो, हीच श्रीचरणी प्रार्थना.