ज्याला ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं त्याची कबुली

पापाची कबुली आपण ख्रिस्ती लोक मोलाची मानितों, व तें योग्यच आहे. परंतु ज्याच्या अंगीं ‘नाहीं’ म्हणण्याचें सामर्थ्यच नाहीं, त्याच्या ‘होय’ला कबुली म्हणावें काय?

अमेरिकेंतील कोलोरॅडो प्रांतीं जो ॲरिडी नांवाचा एक मंदबुद्धि तरुण होता. सन 1936 मध्यें प्वेब्लो शहरीं एका मुलीचा खून झाला, तेव्हां रेल्वेच्या आवारांत भटकणाऱ्या ह्या तरुणास धरण्यांत आलें. पुसणाऱ्यास जें हवें तेंच तो बोले. हत्यार कोणतें, हेंहि त्यानें आधीं एक सांगितलें, मग दुसरें. त्याच खुनाबद्दल 1937 सालीं फ्रँक अग्विलार ह्यास देहांत शासन झालें होतें; तरी 6 जानेवारी 1939 रोजीं ॲरिडीलाहि विषारी वायूच्या कोठडींत मारिलें. तुरुंगाधिकाऱ्यानें दिलेल्या खेळण्यांतील आगगाडीशीं तो खेळत असे. पुढें 2011 सालीं गव्हर्नरानें त्यास क्षमा केली. (मेलेल्यास क्षमा! पण मौन त्याहून वाईट.)

लबाडहि वेडाचें सोंग घेतात, असें कोणी म्हणेल. घेतात खरे, म्हणूनच परीक्षा हवी.

आपल्या गांवींहि असा एखादा भोळा असतो. कोंबडी हरवली कीं चारचौघे त्यालाच पुसतात, “तूंच ना रे?” आणि तो हंसून मान डोलावितो. उपदेशकहो, त्याला तेथेंच पुसावें, “चंद्रहि तूंच चोरलास ना?” त्यालाहि तो होय म्हणाला, तर त्याच्याबरोबर पोलीस पाटलाकडे जावें, व तें उत्तरहि लिहून घ्यावयास सांगावें.