दया, आणि लगेच पुढचा शब्द

आजचं वाचन : गीता, अध्याय १६, श्लोक २.

मित्रांनो, दैवी गुणांच्या या यादीत भूतदयेला अगदी लागून अलोलुपता येते, म्हणजे हाव नसणं. मला हा क्रम फार आवडतो.

संक्रांत होऊन गेली, तरी आपल्या सोलापुरात झाडांवर मांजा लोंबतोच आहे. त्यात अडकलेली घार दिसली की दया येतेच. पण मग? सेल्फी, चोचीत पाणी, "आपणच पाळू या ना!" हाव शिरते ती इथे. ओतलेलं पाणी श्वासनळीत जाऊ शकतं. आणि रानपक्षी घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. मांजा ओढू नका, कापा. अंगावर कापड टाकून पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि वनविभागाला १९२६ वर कळवा. बस्स.

लीळाचरित्रात ससा चक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली लपतो. पारधी गेल्यावर स्वामी गुडघा उचलतात, त्याला जायला सांगतात. खरं सांगू, आसऱ्यापेक्षा तो उचललेला गुडघाच मला मोठा वाटतो. आपण सोपवलेली घार पुढे उडाली का, हे आपल्याला बहुतेकदा कळतही नाही.