सक्तीचा क्रूस आणि स्वखुशीचा उपवास

प्रायश्चित्तकाळ जवळ आला की आमच्या घरी एक जुना वाद पुन्हा निघतो. वाद आईचा आणि आम्हा भावंडांचा. आई म्हणते, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला मी उपवास करणार. आम्ही म्हणतो, तुला मधुमेह आहे, तू करायचा नाहीस. वरवर पाहता हा प्रकृतीचा प्रश्न वाटतो आणि तो डॉक्टरांनी सोडवावा असे वाटते. पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो डॉक्टरांच्या चिठ्ठीत सुटत नाही. म्हणून तो धर्मग्रामातील आपणा सर्वांपुढे मांडत आहोत.

आधी काय घडले ते सांगतो. आईचे वय तेव्हा ६८, मधुमेह जडून अकरा वर्षे झालेली. गुड फ्रायडेला सकाळी तिने साखरेची नेहमीची गोळी घेतली आणि कोऱ्या चहावर दिवस काढायचे ठरवले. क्रुसाच्या वाटेला ती आमच्या शेजारीच उभी होती. सातव्या-आठव्या स्थानाशी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, प्रार्थनेची उत्तरे ती भलतीच देऊ लागली. बाहेर उन्हाची काहिली होती. आम्हांला वाटले तिला भरून आले आहे. आमच्यातली एक जण तर कौतुकाने म्हणाली, ‘बघा, या वयातही आईची भक्ती!’ दहाव्या स्थानाला आई बाकड्यावर कलंडली. मागच्या रांगेत बसलेल्या एका नर्सबाईंच्या ते लगेच लक्षात आले. आई अजून शुद्धीवर होती, घोट गिळत होती, म्हणून त्यांनी तिला साखरेचे पाणी पाजले. थोड्या वेळाने मीटर मिळाले, तेव्हाही आकडा ५४ होता. ७० च्या खाली गेला की धोका सुरू होतो.

काही गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. गोळी आपले काम करते आणि उपाशी माणसाची साखर घसरत जाते. सगळ्याच गोळ्या अशा नसतात. आपली कोणती, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि उपवास आहे म्हणून गोळीही परस्पर बंद करू नये. साखर उतरली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. चॉकलेट देऊ नये, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा.

आता नियमाचे. उपवासाचे बंधन वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे, आणि आजारी माणूस त्यातून मोकळा असतो. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी तासभर काही न खाण्याचा जो नियम आहे, त्यातही वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना सूट आहे. मिस्सेत साखर उतरली म्हणून कोणी खिशातली खडीसाखर तोंडात टाकली तर शेजाऱ्याने डोळे वटारण्याचे काही कारण नाही. (आम्ही वटारलेले आहेत, म्हणून लिहितो.)

हे सगळे फादरांनी आईला समजावले. आईने ऐकून घेतले आणि घरी आल्यावर म्हणाली, ‘नियम मला ठाऊक आहे रे. पण भात डॉक्टरांनी काढून घेतला, गोड काढून घेतले, आंब्याची एक फोड मोजून देता. आता देवाला द्यायला माझ्याकडे उरले काय? जे हिसकावून नेले, ते मी अर्पण केले असे कसे म्हणू?’

आमच्याकडे उत्तर नव्हते. ‘तुझी तब्येत हेच अर्पण’ वगैरे आम्ही बोललो, पण ते बोलताना आमचे आम्हांलाच पोकळ वाटले. आईचा प्रश्न खरा होता. दान स्वखुशीने दिले तरच दान. चोराने नेले त्याला कोणी दान म्हणत नाही.

उत्तर मिळाले ते पुढच्या वर्षी, क्रुसाच्या वाटेवरच. पाचव्या स्थानाशी कुरेनेकर शिमोन उभा असतो. तो काही आपणहून पुढे आला नव्हता. शेतावरून येत होता, शिपायांनी धरला आणि क्रूस खांद्यावर दिला. निवड त्याची नव्हतीच. तरीही आपण त्याच्यापुढे गुडघे टेकून प्रार्थना करतो. म्हणजे लादलेले ओझेही माणसाचे स्वतःचे होऊ शकते. ओझे आले कसे, यापेक्षा ते कसे वाहिले याला मोल असावे.

पण इथे थांबलो तर फार सोपे होईल. सक्तीने सोडलेला भात आपोआप अर्पण ठरत नाही. ते कुरकुरत वाहता येते, आणि लबाडीनेही. आईचेच सांगतो, तिची परवानगी घेतली आहे. तपासणीच्या आधी आठवडाभर ती कडक पथ्य पाळायची आणि डॉक्टरांची शाबासकी घेऊन यायची. नंतर डॉक्टरांनी एचबीए१सी ही तपासणी करायला लावली. तिच्यात मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी कळते, आठवड्याची सोंगे चालत नाहीत. आकडा आला ९.४. आई ओशाळून हसली आणि म्हणाली, ‘हे तर ईस्टरच्या आदल्या दिवशी पापनिवेदनाला धावण्यासारखेच झाले.’ शिवाय भात सोडला म्हणून ती तांदळाच्या तीन भाकऱ्या खात होती. भाकरी झाली तरी तांदूळ तो तांदूळच. आणि सुकेळी? ती तर फळ आहे, असे आम्हीच तिला सांगत होतो.

दिवसभराचा कडकडीत उपवास लोकांना दिसतो, मनाला बरेही वाटते. रोज सकाळी बोट टोचणे, जेवणानंतर अर्धा तास चालणे, रात्री पायाचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासणे, हे कोणी पाहत नाही आणि ते संपतही नाही. आम्हांला वाटते, आईला पहिले सोपे जात होते, म्हणून ते मोठे वाटत होते. ती हे पूर्णपणे मान्य करत नाही.

आमचा स्वतःचा हिशेबही चांगला नाही. नाताळात ‘एक करंजी खा गं, सणाचे काय होते?’ असा आग्रह करणारे आम्हीच. तिच्यासाठी वेगळे पातेले चढायचे आणि तिच्यादेखत आम्ही ताटभर भात जेवायचो. घरात एकटीनेच क्रूस वाहायचा आणि बाकीच्यांनी स्थाने मोजायची, असा तो प्रकार.

त्या प्रसंगानंतर आम्ही सगळ्यांनी रक्त तपासले. उपाशीपोटी १०० च्या आत साखर ठीक, १२६ किंवा अधिक पुन्हा पुन्हा आली तर मधुमेह. आमच्यातल्या एकाची ११८ निघाली. वय ४१. तहान नाही, सारखी लघवी नाही, वजनात घट नाही, जखमा वेळेवर भरतात. लक्षण एकही नाही. पुष्कळांना ते नसतेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक लोक या उंबरठ्यावर असल्याचे दिसले. उंबरठ्यावरून मागे फिरता येते. पण आमच्या या भावाने ही गोष्ट आईपासून पाच महिने लपवली. ‘तिला उगाच काळजी नको,’ म्हणाला. खरे कारण त्यानेच नंतर सांगितले: आईला कळले असते तर त्यालाही भात सोडावा लागला असता.

यंदा राखेच्या बुधवारी आईने सकाळी नाचणीची भाकरी आणि भाजी खाल्ली, मग गोळी घेतली, आकडा वहीत लिहिला. भावाने उपवास केला; त्याच्यावर बंधन आहे आणि त्याला गोळ्या नाहीत. संध्याकाळी राख लावून घरी आलो तेव्हा आई त्याला म्हणाली, ‘तुझा एक दिवस झाला. उद्यापासून माझ्याबरोबर चालायला ये.’ तो गेला. एक-दोन दिवस चुकले आहेत.