छतावरचा कठडा

लखनौहून कानपूरकडे निघालेल्या गाडीतून थोड्याच वेळात मानकनगरचा फलक दिसतो. १९३० सालचे केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ सालचे रेल्वेचे चाचणी व संशोधन केंद्र एकत्र करून १९५७ मध्ये जी संस्था निर्माण झाली, तिच्याभोवतीची ही वसाहत. मानक म्हणजे प्रमाण. नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन राहिलेल्या आपल्या मंडळींना या नावाची एक खोड हळूहळू जडते. कोणतीही वस्तू समोर आली की ती किती भार सोसेल, कोठे मोडेल आणि ‘वापरण्यास हरकत नाही’ असे लिहून खाली सही कोण करील, हे प्रश्न मनात आपोआप उठू लागतात. भाजीवाल्याच्या तराजूपासून जावयाच्या स्वभावापर्यंत काहीही या खोडीतून सुटत नाही, असे आमच्या घरात म्हणतात.

एका होळीला मात्र मी हे प्रश्न विचारावयास विसरलो.

त्या वर्षी सांगलीकडचा एक तरुण नुकताच रुजू झाला होता. घर सोडून प्रथमच इतका दूर आलेला. आपल्याकडची माणसे परप्रांतात भेटली की जे होते तेच झाले. महिन्याभरात तो आमच्या घरचा झाला आणि मी त्याचा काका झालो. धुळवडीच्या दिवशी शेजाऱ्यांकडे थंडाई होती आणि थंडाईत भांग होती. एक पेला घेऊन अर्धा तास झाला तरी काहीच होईना, तेव्हा त्याने मला विचारले, “काका, आणखी एक घेऊ का?” मी म्हणालो, “घे की. सरकारी दुकानातली आहे.”

दोन तासांनी तो आमच्या ओसरीवर बसला होता. ओठ कोरडे पडलेले, छाती धडधडत असलेली, आणि आपण आता मरणार याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका उरलेली नव्हती. घड्याळ थांबले आहे, असे तो पुनःपुन्हा सांगत होता. ती रात्र आम्ही रुग्णालयाच्या बाकावर काढली. सकाळपर्यंत तो सावरला आणि ओशाळून हसलाही. पण रात्री अकराच्या सुमारास त्याच्या आईचा सणाचा म्हणून दूरध्वनी आला, तो मला घ्यावा लागला. मुलगा झोपला आहे, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, “तुम्ही तिथे आहात, म्हणून आम्ही निर्धास्त असतो.”

मी त्याला खोटे सांगितले नव्हते. भांग खरोखरच परवान्याच्या दुकानातून आणलेली होती. महाराष्ट्रातून येणाऱ्याला या दुकानांचे प्रथम मोठे नवल वाटते. कारण १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून भांग बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि येथे तर भर रस्त्यावर ‘सरकारी भांग की दुकान’ असा फलक लटकतो. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने चरस व गांजा निषिद्ध ठरविले; परंतु गांज्याची व्याख्या करताना फुलोऱ्याचे शेंडे तेवढे धरून सुटी पाने व बी बाहेर ठेवले. त्या फटीतून भांग राज्यांच्या स्वाधीन राहिली. मादक द्रव्य तिन्हींत एकच, भेद प्रमाणाचा. म्हणजे निषिद्ध नशेला एक सौम्य, कायदेशीर पर्याय असावा, ही जी कल्पना आज पाश्चात्य देशांत नवी म्हणून मांडली जाते, ती आपल्या येथे कोणीही फारसा विचार न करता केव्हापासून अमलात आहे. आणि तिच्याच भरवशावर मी त्या मुलाला दुसरा पेला दिला.

फारसा विचार न करता, हे मात्र सर्वस्वी खरे नव्हे. १८९३ साली सरकारने या प्रश्नावर एक आयोग नेमला होता. सात सदस्य, त्यांपैकी तीन भारतीय. हजाराहून अधिक साक्षी. सात खंडांचा वृत्तान्त. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींवरून गांज्याने मनुष्य वेडा होतो असे सिद्ध मानले जाई. आयोगाने त्या नोंदी मुळापासून तपासल्या, तेव्हा ‘कारण’ या रकान्यात पुष्कळ ठिकाणी कारकुनाने पोलिसांच्या कागदावरून गांजा हा शब्द नुसता उतरवून घेतल्याचे दिसले. ज्याने कार्यालयात आयुष्य काढले आहे त्याला हे वाचून हसू येईल आणि थोडी भीतीही वाटेल. माफक सेवनाने सामान्यतः अपाय होत नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. दोन भारतीय सदस्यांनी मात्र आपली भिन्न मते जोडली. बहुमताचा एक युक्तिवाद आपल्या विषयाला नेमका लागू आहे: सरसकट बंदी घातली तर लोक याहून अधिक घातक पदार्थांकडे वळतील.

हा युक्तिवाद पुढे किती खरा ठरला, ते मुंबईच्या माणसाला वेगळे सांगावयास नको. दारूबंदीच्या दिवसांतील हातभट्ट्या हा आता इतिहास झाला असला, तरी जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. दारू म्हणून जे त्यांनी प्राशन केले ते मिथेनॉल होते. परवान्याची दुकाने शहरभर उघडी असताना गरिबाने हे का घ्यावे, तर ते स्वस्त होते म्हणून. तेव्हा केवळ कायदेशीर पर्याय उपलब्ध असणे पुरेसे नसते; तो ज्याच्यासाठी आहे त्याच्या खिशालाही परवडावा लागतो.

पर्यायाची कल्पना सर्वांत नेटाने मांडली ती न्यूझीलंडने. तेथे एकामागून एक नवी रासायनिक द्रव्ये बाजारात येत. सरकार एकावर बंदी घाली, तोवर दुसरे येई. २०१३ साली त्यांनी कायदाच उलटा केला. आपल्या मालाचा धोका अल्प आहे हे विकणाऱ्याने सिद्ध करावे, मग त्याला खुशाल परवाना द्यावा. आमच्यासारख्या प्रमाणे ठरविणाऱ्यांना हा कायदा वाचून आनंद व्हावा असाच होता. परंतु तात्पुरत्या परवानगीने विकल्या जाणाऱ्या द्रव्यांविरुद्ध लोकक्षोभ उसळला. २०१४ मध्ये त्या परवानग्या रद्द झाल्या, आणि अल्प धोका सिद्ध करण्यासाठी प्राण्यांवरील चाचण्यांचा आधार घेता येणार नाही अशी दुरुस्ती झाली. तेव्हापासून एकही द्रव्य मंजूर झालेले नाही. दार उघडे ठेवले आणि उंबरठा छताइतका उंच केला, असा हा प्रकार. प्राण्यांना पीडा देऊ नये, हे मलाही मान्य आहे. मग माणसाच्या करमणुकीसाठी कोणावर प्रयोग करावा? आम्ही एका माणसावर केला, तोही त्याला न सांगता.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो मला फार दिवस छळत आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये बरेलीच्या भरतीहून परतणारे तरुण हिमगिरी एक्स्प्रेसच्या छतावर बसले होते. शाहजहानपूरजवळ पुलाला आदळून त्यांतील पंधराहून अधिक मृत्यू पावले. या मुलुखात छतावरून प्रवास करणारे लोक आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहेत. असे असता, डब्याच्या छताला कठडा बसवावा, अशी सूचना कोणत्याही अभियंत्याने कधी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कठड्याने पडणारे थोडे वाचतील, हे उघड आहे. तरीही आपण तो बसवीत नाही. कारण कठडा बसवला की छत ही बसण्याची जागा होते. सौम्य नशेचा परवाना हा असाच छतावरचा कठडा नव्हे काय?

यावर माझे उत्तर असे की, प्रथम मनुष्य छतावर का चढला ते पाहावे. शाहजहानपूरचे तरुण डब्यात जागा नव्हती म्हणून चढले. त्यांना कठडा नको होता, आणखी डबे हवे होते. अफूच्या वा हेरॉइनच्या आहारी गेलेल्याला सरकारी केंद्रात ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देखरेखीखाली जिभेखाली ठेवावयास देतात, तो जादा डबा होय. तीसुद्धा अफूच्याच कुळातली. पण मात्रा ठरलेली असते, देणारा समोर उभा असतो आणि नोंदवहीत त्याची सही असते. सरकारने व्यसनाला हातभार लावला, असे या बाबतीत म्हणणाऱ्याने ती रांग एकदा पाहून यावी.

राहिला तो, जो नुसत्या वाऱ्यासाठी छतावर चढतो. खरा प्रश्न त्याचा आहे, आणि त्या धुळवडीला आम्ही सारे त्यांतलेच होतो. चार घटका स्वतःला विसरावे, ही इच्छा मला पाप वाटत नाही. बनारसच्या गल्ल्यांत ती शंकराच्या नावाने नांदते. परंतु तिच्या बाजूने बोलताना आपण हिशेब केवळ घेणाऱ्याचा मांडतो. गडचिरोलीच्या ज्या बायांच्या लढ्यामुळे १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी आली, त्यांनी सौम्य दारू मागितली नव्हती. दुकान बंद करावयास सांगितले होते. नवऱ्याची नशा किती सुरक्षित आहे, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. एवढेच म्हणता येते की, दुकान बंद झाल्यावर उरणाऱ्या चोरट्या भट्टीची झळही पुन्हा त्यांनाच लागते. चंद्रपुरात २०१५ मध्ये घातलेली बंदी २०२१ मध्ये उठली, तेव्हा दोन्ही बाजू एकाच घरातल्या दुःखाचे दाखले देत होत्या.

म्हणून परवाना द्यावा, या पक्षाला मी आजही आहे. पण एका अटीवर. कोणताही नवा लोहमार्ग प्रवाशांसाठी खुला करावयाचा तर रेल्वे सुरक्षा आयुक्ताची अनुमती लागते, आणि हा आयुक्त रेल्वेचा नोकर नसतो. १९४१ मध्येच ते खाते रेल्वे बोर्डापासून अलग केले गेले. आज ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे, आणि त्याच्या मुख्य आयुक्तांचे कार्यालय याच लखनौ शहरात आहे. ज्याला गाडी चालवून पैसा मिळवावयाचा आहे, त्याने ती सुरक्षित असल्याचा दाखला देऊ नये, इतके साधे तत्त्व त्यामागे आहे. नशेच्या बाबतीत आपण नेमके उलट केले. परवाना देणारे खाते तेच, महसूल गोळा करणारेही तेच. भांगेच्या पुडीवर ‘यात मादक द्रव्य इतके आहे, परिणाम एक-दोन तासांनी दिसेल, तोवर दुसऱ्यांदा घेऊ नये’ असे लिहिलेले मी आजवर पाहिले नाही. फलकावरच्या ‘सरकारी’ या शब्दाचा अर्थ इतकाच की शुल्क भरलेले आहे. तो शब्द वाचून मी मात्र त्याला दाखला समजलो, आणि माझा शब्द ऐकून त्या मुलाने मला दाखला समजले. ज्या दिवशी त्या पुडीखाली महसुलाशी संबंध नसलेल्या कोणाची तरी सही असेल, त्या दिवशी तिला मी सौम्य पर्याय म्हणेन.

तो तरुण अजून येथेच आहे. गेल्या होळीला आमच्याच घरी थंडाई केली. बदाम, बडीशेप, मगज, मिरी, गुलाबाच्या पाकळ्या, आणि दुसरे काही नाही. पेला हातात घेऊन त्याने विचारले, “काका, यात काही नाही ना?” मी नाही म्हणालो. त्याने क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिले, स्वयंपाकघरात जाऊन काकूंना तेच विचारले, आणि मग तो प्यायला.