शून्याचा अर्थ

‘तुम्हाला त्रास होतो का?’ हा प्रश्न किती साधा वाटतो! परंतु गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात मी याच प्रश्नापाशी अडखळले, ती अजून पुढे सरकलेली नाही.

माझी भाची स्त्रियांच्या विकारांची डॉक्टर आहे. ‘अंग बाहेर येणे’, म्हणजे ओटीपोटातला आधार सैल पडून गर्भाशय वा मूत्राशय खाली उतरणे, या विकाराच्या दोन इंग्रजी प्रश्नावल्या तिने माझ्यापुढे ठेवल्या. “मावशी, तू जन्मभर मराठी शिकवलंस. आपल्या बायकांना कळेल असं हे करून दे.”

एका प्रश्नावलीत 20 प्रश्न होते; उत्तरांना शून्य ते चार गुण आणि एकंदर बेरीज 300 पर्यंत. दुसरीत रोजच्या जगण्याविषयीचे सात प्रश्न. 2005 मध्ये सिद्ध झालेल्या या प्रश्नावल्या अनेक देशांत वापरल्या जातात. त्यांमागचा विचार मला पटला. हा उतार डॉक्टर सेंटिमीटरांत मोजतात. परंतु तेवढ्याच उताराने एक बाई बेजार होते, तर दुसरीला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा मोजपट्टीबरोबर बाईलाही विचारावे, हे न्यायाचेच आहे.

भाषांतर पारखण्यासाठी शेजारच्या अक्कांना बोलावले. आमच्या पूर्व भागातील पुष्कळ घरांप्रमाणे त्यांच्या घरची भाषा तेलुगू. मांडीवर सूप घेऊन त्या दिवसभर विड्या वळतात. त्रास? नाही. घरकामात अडचण? नाही. सिनेमाला जाण्यात? अक्का हसल्या, सिनेमाला त्या कधी जातच नाहीत. कागदावर शून्य पडले.

मग चहा घेताना मी सहज विचारले, “अक्का, हल्ली गड्ड्याच्या जत्रेला दिसत नाही तुम्ही?”

“चाललं की अंग भाईर येतंय, बाई. बसून विड्या वळायला काय होतंय?”

“कधीपासून?”

“धाकट्याच्या वेळेपासून.” धाकटा आता भिवंडीला नोकरी करतो.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली होती. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांनीच काही तक्रार सांगितली. स्त्रीरोग मात्र शंभरांतल्या ब्याण्णव जणींना आढळले. त्या पाहणीत या एकाच विकाराचा विचार नव्हता, तरी न बोलणे म्हणजे निरोगी असणे नव्हे, एवढे तिने कायमचे दाखवून दिले.

प्रश्नावली खरी की खोटी, हे ठरवण्याच्या कसोट्या आहेत. तीच बाई काही दिवसांनी तेच उत्तर देते का? उपचारानंतर आकडा उतरतो का? पहिल्या कसोटीला मुकी बाई सहज उतरते. ती दोन्ही वेळा ‘नाही’च म्हणते. दुसरीत तिला जागाच नाही. शून्याखाली आकडा उतरणार कुठे? एक शून्य सुखाचे असते, दुसरे जगणे आखडून घेतल्याचे. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

मग अक्कांच्या ‘नाही’वर काट मारून मी ‘होय’ लिहावे काय? तसे केले तर त्यांच्या देहाविषयी बोलणाऱ्यांत आणखी एकीची भर पडेल, इतकेच. आणि ज्या बाईला खरोखरच काही वाटत नाही, तिच्यावर दुःख लादणेही अन्यायच. उत्तर बदलण्याचा अधिकार मला नाही. प्रश्न बदलणे मात्र माझ्या हाती आहे: सिनेमाऐवजी जत्रा, आणि ‘त्रास होतो का’च्या जोडीला ‘काय करायचे सोडलेत’.

“प्रश्न बदलले तर जगातल्या आकड्यांशी आपले आकडे कसे ताडायचे?” भाचीने विचारले. तिचे म्हणणे खोटे नाही. शेवटी आम्ही मूळ प्रश्न तसेच ठेवले आणि खाली आमचे वेगळे लिहिले. अक्कांना तिने उपचार समजावून सांगितले. “विचार करून सांगते,” असे त्या म्हणाल्या आहेत.

माझी आईही आम्हा मुलांना वडिलांबरोबर गड्ड्याला पाठवी आणि स्वतः घरी राही. “घर कोणी राखायचं?” असे म्हणे. आम्ही पाच भावंडे. तिला मी दुसरा प्रश्न कधी विचारला नाही.