चोरीच्या किल्ल्या

कुलूप उघडणे हे मुळात पाप नव्हे. कुणाच्या संमतीने उघडले, एवढाच काय तो प्रश्न, असे आपण सहज म्हणून जातो. आमच्या सांडोरात घराची किल्ली शेजारणीकडे टाकून माणसे वसई रोड स्टेशन गाठतात. ती दार उघडून मांजराला दूध घालते. तिला चोर कोण म्हणेल?

संगणक-सुरक्षेच्या कोडी-स्पर्धांची नीती याच विचारावर उभी आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती मला समजावून दिली. स्पर्धकाच्या हाती एक ‘झिप’ गाठोडे येते. संकेतशब्दावाचून ते उघडत नाही; मात्र आतल्या फायलींची नावे आणि आकार बहुधा बाहेरूनच वाचता येतात. कुलूप जुन्या धाटणीचे असले, तर आतला मजकूर ज्या रूपात बांधला आहे त्या रूपातले त्याचे तेराएक बाइट ठाऊक असले की काम भागते. बिहाम आणि कोचर या दोघांनी १९९४ साली हे दाखवून दिले. नव्या धाटणीच्या कुलपापुढे ही युक्ती चालत नाही; तेथे एकामागून एक शब्द लावून पाहावे लागतात. कुलूप घालणाऱ्याचीच इच्छा असते की ते कुणी तरी उघडावे. येथवर कुणाचे काही जात नाही.

पण ते शब्द येतात कोठून? २००९ साली ‘रॉकयू’ या अमेरिकन कंपनीकडून ३ कोटी २० लाखांहून अधिक संकेतशब्द चोरीस गेले. कंपनीने ते उघड्या अक्षरांत साठविले होते! त्यांतून निघालेली सुमारे १ कोटी ४० लाख शब्दांची यादी आज अशा स्पर्धांत सर्रास वापरतात. ‘१२३४५६’ हा तिच्यातला पहिला मानकरी. ‘आयलव्हयू’ही फार मागे नाही. कुणी तरी कुणासाठी तरी तो योजिला असेल.

“पण सर, यादीत माणसे कुठे आहेत? नुसते शब्द आहेत,” विद्यार्थी म्हणाला. म्हणणे खोटे नव्हे. शिवाय त्याच यादीमुळे दुबळे शब्द ओळखता येतात, हेही खरे.

मला मात्र महानुभाव आठवले. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जतन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उकलली आणि आमच्या शेजारच्या ठाण्याचे वि. ल. भावे यांनी ते वाङ्मय मराठी वाचकांपुढे मांडले. संमतीचाच काटा लावायचा, तर लिपी रचणाऱ्यांनी ती काही राजवाड्यांना दिली नव्हती. तरी ती उकलली याचा मला आनंदच वाटतो. का? राजवाड्यांना हवे होते ते आत जे लिहिले होते तेच. लीळाचरित्र उघडले, ते वाचले जावे म्हणून. ‘रॉकयू’च्या यादीतला शब्द कुणीच वाचत नाही. कुणाचे तरी गुपित दुसऱ्याच कुणाच्या कुलपात घालून फिरवायचे, बसले नाही की पुढचे घ्यायचे. संमती घेतली ती कुलूपवाल्याची. किल्लीवाल्याला कुणी विचारलेच नाही.

यादी टाकून दे, असे मी त्याला म्हटले नाही. तिच्यात आपल्याकडची नावेही सापडतात, असे तो सांगत होता. आपल्या शाळेतल्या मुलींपैकी कुणाचे नाव लागते का पाहू, म्हणून त्याने संगणक पुढे ओढला. मी नको म्हटले.